गाळलेल्या नोंदी

विशाखा तायडे यांचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत अच्युत मोहरील यांनी मनातल्या मनात त्याचं उत्तर किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही. कागदावर मात्र ते 'सप्रेम नमस्कार'च्या पुढे कधी गेले नाहीत.

पत्र आखीव कागदावर, निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ते जपून ठेवलेलं होतं. त्या खंडातला एखादा शब्द पाहायची वेळ आली की मोहरील तो शब्द न पाहताच काम भागवत.

'मा. मोहरील सर,' तायडेबाईंनी लिहिलं होतं, 'मी मेळघाटात बोरीघाटच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षाची सिस्टर आहे. तुमची चाहूल आमच्याकडे चाचणीसाठी चार महिन्यांपासून आहे. दोन बाळं तिच्यामुळे वाचली, ते आधी सांगते. पण एक विचारायचं आहे. बाळ आईच्या छातीवर असलं की दिवा लाल होतो, पेटीत ठेवलं की हिरवा. सतरा बाळांमध्ये मी हे पाहिलं. सतराही धडधाकट होती. वर विचारलं तर म्हणाले, बघा, पेटीत ठेवल्यावर बाळ सुधारतं. सर, बाळ सुधारतं, की मशीन गप्प बसतं? उत्तराची वाट पाहते.'

प्रश्न बिनचूक होता. म्हणूनच तर उत्तर जमत नव्हतं.

*

चाहूल म्हणजे कपाळावरच्या टिकलीएवढी एक चकती. ती बाळाच्या छातीवर चिकटवायची. तिच्या पोटात एक इवलासा कान असतो, तो बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकतो. सगळं ठीक असलं तर उशाशी हिरवा दिवा लागतो, धोका वाटला तर लाल.

निरोगी बाळाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडंथोडं बदलत असतं, एखाद्या खेळकर मुलाच्या चालीसारखं. शरीरात जंतूंनी शिरकाव केला की हा चढउतार सपाट होऊ लागतो. ताप चढण्याच्या, बाळ मलूल पडण्याच्या वीस-बावीस तास आधीच. माणसाच्या कानाला हे कळत नाही, गणिताला कळतं. कमी दिवसांच्या, किलो-सव्वा किलोच्या बाळांसाठी वीस तास म्हणजे अख्खा जन्म. चाहूलनं हजारो बाळांना तो मिळवून दिला होता, आणि हे खोटं नव्हतं.

चाहूलचं गणित मोहरील यांनी बसवलं होतं. ते डॉक्टर नव्हेत, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. चाहूलला शिकवण्यासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यांमधल्या चाळीस हजार बाळांच्या नोंदी त्यांच्यापुढे आल्या तेव्हा त्यातल्या तीन हजार एकशे नोंदींमध्ये दोन-दोन हृदयं ऐकू येत होती. एक बाळाचं, आणि मागून, भिंतीपलीकडून आल्यासारखं, दुसरं कुणाचं तरी. ही बाळं मोजणीच्या वेळी आईच्या उघड्या छातीवर होती. मोहरील यांचा विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलेला एक नियम होता: शंका आली की गाळा. त्यांनी त्या नोंदी गाळल्या. स्वभाव असा, की गाळलेलंही फेकवेना. 'गाळ' असं नाव देऊन त्यांनी त्या नोंदी वेगळ्या ठेवल्या.

म्हणजे चाहूल शिकली ती फक्त ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीतल्या बाळांकडून. आईजवळचं बाळ तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

तायडेबाईंचं पत्र आलं त्या दुपारी मोहरील यांनी गाळ उघडला. तीन तासांत त्यांना सगळं कळून चुकलं. आईच्या छातीवर बाळ शांत झोपतं, श्वास एका लयीत येतो. त्यात आईच्या संथ ठोक्यांची भर पडते, आणि चकतीला ही सगळी शांतता सपाट, म्हणून आजारी वाटते. चाहूल बाळाच्या सुखाला रोग समजत होती.

त्याच आठवड्यात राज्यातल्या दोनशे चौदा दवाखान्यांमध्ये चाहूल बसवण्याचा आदेश निघाला होता. निरंजन पेढे घेऊन आला होता. मोहरील यांना वाटलं, आपलं काही चुकत तर नसेल? पुन्हा तपासू. दोन-चार दिवसांत लिहू. दोन-चार दिवसांची सहा वर्षं झाली.

*

निरंजन घारपुरे हा मोहरील यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आता चाहूल बनवणाऱ्या संस्थेचा संचालक. मोहरील यांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे मुलाची जी काही कामं असतात ती निरंजनच करी. औषधं आणून देई, दिवाळीला धोतरजोडी आणी. दोन वर्षांपूर्वी मोहरील यांच्या छातीत मधूनच ठोका चुकू लागला तेव्हा अमरावतीभर त्यांना डॉक्टरांकडे फिरवणाराही तोच.

त्या रविवारी तो आला तो एक कागद घेऊन.

"सर, एक सही हवी होती. तज्ज्ञाचं मत. चाहूलचा निर्णय मानला नाही म्हणून एका सिस्टरची चौकशी लागली आहे."

"काय केलं त्यांनी?"

"लाल दिवा लागला की बाळ आईपासून काढून पेटीत ठेवायचं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम आहे. गाडी आपोआप बोलावली जाते. या बाईंनी तीन वर्षांत एकतीस बाळं पाठवलीच नाहीत. आईच्या छातीला बांधून ठेवली. विचारलं तर म्हणतात, मला हातानं कळतं." निरंजन हसला. "हातानं! आपण काय पंचवीस वर्षं झक मारली?"

"एकतीस बाळांचं काय झालं?"

निरंजननं चष्मा पुसला. "जगली. नशीब म्हणायचं. पण सर, उद्या दुसरी एखादी बाई असंच करेल आणि बाळ जाईल. तिला नोकरीवरून काढलं तरच बाकीच्यांना जरब बसेल."

"नाव काय त्यांचं?"

"तायडे. विशाखा तायडे. बोरीघाट."

मोहरील यांनी हातातला कप भरलेलाच खाली ठेवला. निरंजन चटकन पुढे झाला. "सर, ठोका चुकला का?"

"हो," मोहरील म्हणाले. ते खोटंही नव्हतं. "कागद ठेवून जा. वाचतो."

"वाचण्यासारखं काही नाही त्यात."

"मग वाचायला वेळ लागणार नाही."

निरंजन गेल्यावर त्यांनी कागद वाचला. तो चांगल्या मराठीत लिहिलेला होता आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मोहरील यांच्याच जुन्या लेखांमधून घेतलेलं होतं. आपलीच वाक्यं एका बाईच्या पोटावर पाय द्यायला इतकी उपयोगी पडतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी पहाटे त्यांनी बॅगेत गाळ घेतला, कोरे कागद घेतले आणि बोरीघाटच्या एसटीत जाऊन बसले. तिथे जाऊन काय करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

*

दुपारी बारा वाजता ते बोरीघाटच्या नवजात कक्षाच्या दारात उभे होते आणि आत जावं की परतीची गाडी पकडावी याचा विचार करत होते. तेवढ्यात आतून आवाज आला.

"चपला बाहेर! आणि दार लावा जी, लेकरायले वारा लागते."

पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसांना जाळी लावलेल्या बाई समोर आल्या. मोहरील यांनी नाव सांगितलं. बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मोहरील? चाहूलवाले?"

"हो."

"सहा वर्षांपूर्वी एक पत्र पाठवलं होतं मी. मिळालं नसेल."

सुटकेचा हा दरवाजा बाईंनी मोठ्या मनानं उघडून दिला होता. मोहरील यांनी त्यातून जायचं नाकारलं. "मिळालं होतं. त्याच दिवशी वाचलं."

"मग तुमचं टपालखातं लईच मंद आहे, सर," एवढंच तायडेबाई म्हणाल्या. "या. हात धुवा. कोपरापर्यंत."

कक्षात सहा खाटा होत्या आणि भिंतीशी दोन काचेच्या पेट्या. एका पेटीत निळ्या उजेडाखाली एक कावीळ झालेलं बाळ होतं, दुसरी रिकामी. बाकीची चार बाळं माणसांच्या छातीवर होती. एकीकडे आई, दुसरीकडे आत्या, तिसऱ्या खाटेवर मिशीवाला एक आजोबा उघडा बसून डोळे मिटून डुलत होता, आणि त्याच्या छातीवर, लुगड्याच्या मऊ पट्टीनं बांधलेलं, मुठीएवढं डोकं.

"ही आमची ऊबपाळी," तायडेबाई म्हणाल्या. "आई दिवसभर कशी बसणार? तिले जेवायचं, झोपायचं. म्हणून घरातल्या माणसायच्या पाळ्या. तीन-तीन तास. भेटायला येणाऱ्यानं नुसतं बसायचं नाही, ऊब द्यायची. आधी बाप्ये लाजायचे. आता भांडतात, मले जास्त वेळ द्या म्हणून."

चौथ्या खाटेवर फुलवंती मावस्कर नावाची वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. तिचं बाळ अकरा दिवसांचं, साडेसात महिन्यांचं जन्मलेलं, अकराशे ऐंशी ग्रॅमचं. चकती फक्त सव्वा किलोच्या आतल्या बाळांना लावायची, त्यामुळे आज कक्षात ती या एकाच बाळाला होती, आणि उशाशी लाल दिवा लागलेला होता.

"आजच पेटीतून काढून आईच्या अंगावर दिलं, अकरा वाजता लागला," तायडेबाई म्हणाल्या. "गाडी निघाली. तीनला येते. घाटातून चार तास खाली. मागच्या महिन्यात इथली सिस्टर रजेवर असताना, म्हणजे मी, असंच एक नेलं. वाटेत गारठलं. चांगलं लेकरू होतं, सर." त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

"पण या वेळी खरंच संसर्ग असला तर?" मोहरील यांनी विचारलं. शंका हा त्यांचा धर्मच होता.

बाईंना राग आला नाही. त्यांनी मोहरील यांचा हात धरून बाळाच्या तळव्याला लावला. "पाय गरम. छातीवर बोट दाबते, पाहा. पांढरं झालं, एक, दोन, रंग परत आला. वाटी-चमच्यानं दूध घेतलं. सकाळचं रक्त तपासलं, स्वच्छ. मी डोळे मिटून नाही अडवत. या तीन वर्षांत नऊ बाळं मी स्वतः पाठवली, त्यातल्या चौघांचा दिवा हिरवा होता. ते कोणी विचारत नाही."

फुलवंती चुळबुळ करत होती. ती सकाळपासून जेवली नव्हती. सासू गावाला गेलेली, नवरा कामावर.

"हे सर धरतील," तायडेबाई म्हणाल्या.

"मी?" मोहरील दचकले. त्यांनी आयुष्यात एवढं लहान बाळ हातात घेतलं नव्हतं. एवढंच काय, मोठंही घेतलं नव्हतं.

फुलवंतीनं त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं. "म्हातारा माणूस हाय. ऊब असंल का त्याच्यात?"

"पुस्तकातली असंल थोडी," तायडेबाई म्हणाल्या आणि सगळा कक्ष हसला. मिशीवाला आजोबाही डोळे न उघडता हसला.

मोहरील यांचा शर्ट उतरला, छाती ओल्या फडक्यानं पुसली गेली, आणि काही कळायच्या आत ते बाळ त्यांच्या अंगावर बांधलं गेलं. ते इतकं हलकं होतं की आहे की नाही याचीच त्यांना शंका आली. मग ते हललं. एक नख, तांदळाच्या कणीएवढं, त्यांच्या बरगडीवर घासलं गेलं. मोहरील श्वास रोखून बसले.

"श्वास घ्या, सर," तायडेबाई म्हणाल्या. "तुम्ही थांबलात तर ते बी थांबल."

दहा-बारा मिनिटं गेली. फुलवंती कोपऱ्यात भाकरी मोडत होती. अचानक तिचा हात थांबला.

"सिस्टर! दिवा!"

उशाचा दिवा हिरवा झाला होता.

*

"काय जादू केली?" तायडेबाई चकतीकडे वाकल्या. "बाळ तसंच आहे. चकती तशीच आहे. सहा वर्षांत कोणाच्या अंगावर लाल असलेलं बाळ हिरवं झालं नाही."

मोहरील यांनी आपल्या मनगटाची नाडी धरली. टिक, टिक, थांबा, टिकटिक, टिक. दोन वर्षांपासून ते हृदय असंच दारू प्यालेल्या माणसासारखं चालत होतं.

त्यांना हसू आलं. कक्षात इतक्या माणसांसमोर ते बहुधा पहिल्यांदाच मोठ्यानं हसत होते. बाळ त्या हसण्यानं हललं तसे ते ओशाळून थांबले.

"सिस्टर, माझ्या हृदयाचे ठोके चुकतात. दोन ठोक्यांत अंतर कमी-जास्त होतं. चकतीला वाटतं, तो चढउतार बाळाचा आहे. म्हणून बाळ निरोगी."

"म्हणजे ती लेकराचं ऐकतच नाही?"

"पेटीत असलं तर ऐकते. छातीवर असलं तर धरणाऱ्याचंही ऐकते, आणि दोघांतला फरक तिला कळत नाही. निरोगी आई तिला आजार वाटते, आणि माझा आजार तिला आरोग्य."

खात्री करायला हवी होती. बाळ फुलवंतीकडे गेलं, आठ मिनिटांत दिवा लाल. परत मोहरील यांच्याकडे, अकरा मिनिटांत हिरवा. पुन्हा फुलवंती, पुन्हा लाल. फुलवंती वैतागून म्हणाली, "लेकराले चेंडू केला का तुम्ही?" मोहरील यांनी तिची माफी मागितली आणि वेळा कागदावर टिपून घेतल्या. पुन्हा बाळ त्यांच्याकडे आलं, आणि दिवा पाचव्यांदा रंग बदलतो न बदलतो तोच त्यांचा फोन वाजला. अमरावतीहून निरंजन.

"सर, आहात कुठे? घराला कुलूप आहे. मी इथं पडद्यावर बोरीघाटचे दिवे बघतोय, ती चार नंबरची खाट तासाभरात पाच वेळा पलटली. ती बाई काहीतरी खोडसाळपणा करतेय. आता हिरवी दिसतेय."

"हिरवी दिसतेय," मोहरील म्हणाले, "कारण बाळ माझ्या छातीवर आहे."

त्या हृदयाची प्रत्येक तपासणी निरंजननं स्वतः करून आणली होती. त्याला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"गाळ," अखेर तो हळूच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"नाही. आता कळलं. तुम्हाला?"

"सहा वर्षांपासून."

"सर..." निरंजनचा आवाज बारीक झाला, तो बावीस वर्षांचा असताना होता तसा. मग त्यानं तो सावरला. "ऐका. आपण हे दुरुस्त करू. पुढच्या आवृत्तीत. गाळ परत घेऊ, चाहूलला नव्यानं शिकवू. मान्यता मिळायला दीड वर्ष लागेल, पण करू. बाईंची चौकशी मी आजच मागे घ्यायला लावतो. त्यांचं काही वाकडं होणार नाही. तुम्ही सही करू नका. फक्त काही लिहूनही देऊ नका. दोनशे चौदा दवाखान्यांचा विश्वास आहे हो यावर. आणि तुमचं नाव. एवढंच मागतो, गप्प राहा."

गप्प राहणं मोहरील यांना साऱ्या जगात सगळ्यात चांगलं जमत होतं. त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि निरंजन काय म्हणतोय ते तायडेबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

बाई टॉवेलला हात पुसत होत्या. पुसून झालेले हात त्या पुसतच राहिल्या.

"मले वाचवून काय करता, सर? मी तर तशीही ऐकत नाही. ज्या ऐकतात त्यांचं काय? बाकीच्या दवाखान्यांतल्या पोरी नियमानं चालतात. त्या आईच्या अंगावरून लेकरू ओढून काढतात आणि घरी जाऊन रडतात. त्या मले फोन करतात. दीड वर्ष मी त्यायले काय सांगू?"

मोहरील यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"निरंजन, तू मला फार सांभाळलंस. पण मी लिहिणार आहे."

"सर, लोक चाहूल काढून फेकतील! ती जी बाळं खरंच वाचवते ती मरतील!"

"तेही लिहीन. पेटीतल्या बाळासाठी ती ठेवा, छातीवरच्या बाळासाठी तिचं ऐकू नका. दोन ओळींचं काम आहे. लोकांना दोन ओळी कळतात, आपणच त्यांना कच्चं समजतो."

निरंजननं फोन ठेवला. मोहरील यांच्या छातीत मोठा ठोका चुकला. बाळ झोपलेलं होतं.

*

तीनच्या सुमाराला गाडी आली. ड्रायव्हर दाराशीच थबकला. "मॅडम, इथं तर हिरवा आहे. मग मी जाऊ का चहा पिऊन?"

सगळं आपोआप मिटलं होतं. बाळ वाचलं होतं, कागदावरही. तायडेबाईंनी मोहरील यांच्याकडे पाहिलं.

"थांबा," मोहरील म्हणाले. त्यांनी बाळाची गाठ सोडवायला सांगितली आणि ते फुलवंतीच्या छातीवर ठेवलं. सगळे दिव्याकडे बघत राहिले. नऊ मिनिटांनी तो लाल झाला.

"आजोबा, बिघडवलं की तुम्ही!" ड्रायव्हर म्हणाला.

"आता खरं दिसतंय. म्हणजे, मशीनचं खोटं खरोखर दिसतंय. नकाराचा कागद असतो ना तुमच्याकडे? आणा."

"त्यावर डॉक्टर नाही तर सिस्टर सही करते. आणि सही करणाऱ्याची नोकरी जाते."

"माझी जाऊन तेरा वर्षं झाली."

त्यांनी कागद घेतला. 'कारण' या रकान्यात एका ओळीची जागा होती. मोहरील यांनी ती सोडून कागद पालथा केला आणि मागे लिहिलं: 'दिवा लाल असूनही बाळ पाठवत नाही. बाळ सिस्टर तायडे यांनी तपासलं आहे व ठीक आहे. चाहूलला आईजवळचं बाळ समजत नाही. तिला शिकवताना ही बाळं मी गाळली. अ. मोहरील.' तायडेबाईंनी खाली सही केली. फुलवंती म्हणाली, मी पण करते. तिनं मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत नाव लिहिलं आणि ड्रायव्हरकडे पाहून म्हणाली, "नाही देत. जा सांग त्यायले."

ड्रायव्हरनं कागद दोनदा वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला. "वाचून दाखवतो सगळ्यांना," तो म्हणाला. ही धमकी होती की वचन, ते काही कळलं नाही.

मग मोहरील औषधांच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

'श्रीमती विशाखा तायडे यांस सप्रेम नमस्कार. आपलं पत्र मिळालं. उत्तरास सहा वर्षं उशीर झाला. कारण विचाराल तर, भ्यालो. मला वाटायचं, माझा संशयी स्वभाव हा शास्त्रज्ञाचा गुण आहे. पण मी प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला आणि स्वतःच्या गाळणीवर कधी घेतला नाही. आपण विचारलं होतं, बाळ सुधारतं की मशीन गप्प बसतं. मशीन गप्प बसतं. आपण सतरा बाळं पाहून जे ओळखलं ते मी चाळीस हजार बाळं पाहून ओळखलं नाही, कारण आपण बाळं पाहत होता आणि मी नोंदी. आपण ज्या एकतीस बाळांना आईजवळ ठेवलं त्यांच्याबाबतीत आपलं चुकलं नाही. नियम चुकला, तो माझ्या गणितावर उभा आहे. मागच्या महिन्यात घाटात गारठलेलं बाळ माझ्या नावावर लिहावं.'

पुढे आजच्या वेळा होत्या, दिव्याचे रंग होते, आणि गाळलेल्या तीन हजार एकशे नोंदी आपण विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवत आहोत, कुणीही यावं, त्या तपासाव्यात, आपल्याला पुन्हा खोटं पाडावं, असं होतं. त्यांनी तीन प्रती हातानं काढल्या. एक चौकशी समितीला, एक निरंजनला. तिसऱ्या प्रतीत 'गाळणीवर' हा शब्द त्यांना बरा वाटेना. तो खोडायला त्यांनी पेन उचललं आणि तायडेबाईंनी ते काढून घेतलं.

"द्या आता. मी इथंच आहे, सर. माझं माझ्या हातात द्या."

"नको. हातात दिलं तर मी ते परत मागेन. म्हणेन, एक शब्द बदलायचा आहे. मी मला ओळखतो. टपाल किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"पाचपर्यंत. पळा."

ते अक्षरशः पळाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, चढावर धापा टाकत. टपाल कार्यालयातल्या मुलीनं तिन्ही पाकिटं पाहिली. तिसऱ्यावरचा पत्ता वाचून ती म्हणाली, "काका, हे तर आपल्याच दवाखान्याचं आहे. दोनशे पावलांवर. रजिस्टर कशाला? ही थैली खाली अमरावतीला जाऊन परत येईल, चार दिवस लागतील."

"चालेल," मोहरील म्हणाले. "पावती द्या."

मुलीनं खांदे उडवले. तीन वेळा शिक्का वाजला. पाकिटं थैलीत गेली, तिनं थैलीचं तोंड आवळून बांधलं आणि बाहेर उभ्या असलेल्या टपालगाडीत टाकली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मोहरील पायरीवर उभे राहिले. तो शब्द अजूनही त्यांना चुकीचा वाटत होता, पण आता त्याला इलाज नव्हता.